रोज पुसतो

प्रिय दादा,

महिनाभर रोज ऑफिसातून येऊन तू माझी कादंबरी टाइप केलीस. तिचा नायक टायपिस्ट आहे. त्याच्या जगण्याला काडीचाही अर्थ नाही, हेच मी तीनशे पानं उगाळत बसलो. तो तूच आहेस, हे तुला पहिल्याच पानावर कळलं असणार. तरी तू चकार शब्द काढला नाहीस. एकदाच विचारलंस, "अरे, हा मशीन आठवड्यातून एकदा पुसतो असं लिहिलंयस. 'रोज पुसतो' करू का?"

मी मान खाली घालून "कर" म्हणालो.

सगळ्या पुस्तकात तेवढंच वाक्य खरं आहे, आणि ते तुझं आहे. लाज वाटते रे. पण हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर सवयीनं तू हेही टाइप करून, चुका सुधारून मला परत देशील.

तुझा,
धाकटा