दुसरं कडवं

मेम्फिस,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

प्रिय व्हर्नेल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू पत्र न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या बाईंकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच लबाडीनं झाली. फोन मी पाच वेळा केला. पाचही वेळा तुझ्या मुलीनं उचलला आणि "आई झोपलीय, मामा" असं सांगितलं. एकदा तर मागे तुझा भांडी आपटण्याचा आवाज येत होता. पोरगी गुणाची आहे, खोटं बोलताना अडखळते. आपल्या घराण्यात हे नवीनच.

घाबरू नकोस, तू ये असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. तो हक्क मी कधीच घालवून बसलोय. आईचं तेवढं तुझ्या कानावर घालतो. ऑगस्ट संपता संपता ती भेंडी चिरायला बसली आणि चिरता चिरताच एका बाजूला कलली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून मी तिला माझ्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, एक्याण्णव वर्षांचं शरीर आहे, आता औषधाच्या हातात काही नाही, तिला सुख वाटेल तेवढं बघा. हेझल नावाची एक नर्स रोज सकाळी दहाला येते, तिचं आवरून देते. आईजवळ आता एकच शब्द उरलाय, "पुढे". पाणी हवं तरी "पुढे", कूस बदलायची तरी "पुढे". हेझलनं पहिल्या दिवशी बिचारीनं खाटच पुढे ओढली. त्यावर आईनं तिच्याकडे जी नजर टाकली ती तुला ठाऊक आहे. चर्चमध्ये च्युइंगम खाणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलेली. मला हसू आलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी बराच वेळ नळ चालू ठेवला.

साधारण महिन्यापूर्वी तिनं डाव्या हातानं खाटेची कड वाजवायला सुरुवात केली. एक लांब, दोन तोकडे, एक लांब. आधी मला वाटलं चाळा असेल. पण चाळीस वर्षं पोट तालावर भरलेल्या माणसाला ताल कळायला किती वेळ लागणार? ती गाणं मागत होती. तेच गाणं. हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस, व्हर्नेल. एवढं वाचलंस, आणखी थोडं वाच.

आपला भाऊ टोबायस गेला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, मी नऊचा. दोन दिवसांचा ताप आणि खेळ खलास. त्यानंतर कधीतरी आईनं ते गाणं जुळवलं. कागदावर कधी उतरवलं नाही, चर्चमध्ये कधी म्हटलं नाही. ती ते गायची फक्त शनिवारी दुपारी, तुझे केस सरळ करताना. चुलीवर तापवलेला लोखंडी फणा, तेलाचा वास, तू स्टुलावर मान वाकवून, कान हातानं दुमडून धरलेला. मला तिथे मज्जाव. "बायकांचं काम आहे, बाहेर हो," असं म्हणून ती मला हाकलायची. मी बाजूच्या खोलीतून ऐकायचो:

चुलीपाशी बस जरा, प्रभू, जायची कसली घाई,
कॉफी अजून उकळतेय, रात्र सरली नाही.

पोराला न्यायला आलेल्या देवाला ती बसवून ठेवत होती. हे मला कधी कळलं माहीत आहे? गेल्या महिन्यात. तेव्हा मला फक्त चाल आवडायची. पहिलं कडवं संपेपर्यंत गल्लीत पोरांचा चेंडू सुरू झालेला असायचा आणि मी पळायचो.

सदुसष्ट साली फर्निचरच्या दुकानामागच्या त्या स्टुडिओत आपण होतो तो दिवस तुलाही आठवत असेल. माझी तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि तीनही रेकॉर्ड काढणाऱ्या अबरनॅथीसाहेबांना पसंत पडली नाहीत. ट्रम्पेटवाले आपली वाद्यं पेटीत भरायला लागले होते. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आणखी काही आहे का रे पोरा, का उठू मी?" माझ्याकडे काहीच नव्हतं. मी पियानोशी बसलो आणि आईचं गाणं म्हटलं. साहेब परत खुर्चीत बसले. म्हणाले, "छान आहे. प्रभू काढ, बाई घाल." यात वावगं असं कुणालाच वाटलं नाही. आम्ही सगळे तेच करत होतो, चर्चमधल्या रविवारच्या गाण्याला शनिवार रात्रीचे कपडे घालून नाचवत होतो. तालात बसेल असं नाव हवं होतं, डेलोरिस बसलं. अशी बाई माझ्या आयुष्यात कधीच नव्हती. माझ्या दोन्ही बायका मरेपर्यंत तिचा पत्ता मागत राहिल्या, तो भाग वेगळा. पुढची दोन कडवी मला येत नव्हती, ती मी संडासाच्या झाकणावर बसून दहा मिनिटांत लिहिली. मागे ऊ-ऊ करणारी एक मुलगी आली नव्हती म्हणून सतरा वर्षांची तू शाळेची पुस्तकं बाजूला ठेवून उभी राहिलीस. आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "होझी, हे आईचं आहे. तिला विचारलंस?" मी म्हणालो, "विचारतो."

विचारलं नाही. आधी राहून गेलं, मग गाणं रेडिओच्या यादीत वर चढायला लागलं आणि विचारण्यात अर्थ उरला नाही. रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आई माझा कार्यक्रमाचा शर्ट इस्त्री करत होती. तिचा हात थांबला नाही. गाणं संपल्यावर तिनं रेडिओ बंद केला, शर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कॉलर बघ, नीट बसलीय." बस, एवढंच. मी समजलो, तिची हरकत नाही. मला जे सोयीचं तेच मी समजत आलोय. पण त्यानंतर ती ते गाणं पुन्हा कधी गायली नाही, हे तूच मला भांडताना सांगितलंस.

पुढचं माझं आयुष्य तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. बुटाच्या खोक्यात आईनं दिलेलं तळलेलं कोंबडं, कारण वाटेतली हॉटेलं आम्हा काळ्यांना बसू देत नव्हती. बसमध्ये झोप, स्टेजवर तीन शर्ट भिजेपर्यंत नाच. आठ वर्षं लोक बायकापोरांना घेऊन यायचे आणि डेलोरिसला हाका मारायचे. मग डिस्को आला आणि मला कुणी बोलावेना. मी मोटारविक्याच्या जाहिरातीत गायलो, लग्नांत गायलो, एका कासवांच्या प्रदर्शनातही गायलो, हसू नकोस. म्हातारपणी बेल्जियमच्या गोऱ्या म्हाताऱ्यांनी मला शोधून काढलं. वर्षातून एकदा विमानाचं तिकीट पाठवतात. त्यांना माझी सगळी गाणी पाठ आहेत. गेल्या वर्षी तिथल्या एका निवृत्त पोस्टमननं माझा हात धरून सांगितलं, "साहेब, दुसऱ्या कडव्यानं मला जगवलं." संडासातलं कडवं. मी त्याला मिठी मारली, आणखी काय करणार?

तर, आईनं ताल दिला आणि मी खाटेशी बसून गायलो. डेलोरिस काढली, प्रभू परत घातला. एक्केचाळीस वर्षांनी. आवाज आता जुन्या दारासारखा करकरतो, पण चाल सुटली नाही. आईनं डोळे मिटून घेतले, डाव्या डोळ्यातून पाणी आलं. कडवं संपलं आणि ती म्हणाली, "पुढे."

पुढे माझ्याकडे काय होतं? मी माझंच दुसरं कडवं घेतलं आणि त्यात जमेल तिथे प्रभू बसवला. दुसऱ्या ओळीलाच तिनं डोळे उघडले आणि हात वर केला, लहानपणी आपण प्रार्थना चुकलो की करायची तसा. मी थांबलो. ती परत म्हणाली, "पुढे." मग मी लिहायला बसलो. गाणी लिहिणं हा माझा धंदा, दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा मला कधी गर्व नव्हता, पण याचा होता. अकरा कडवी लिहिली, व्हर्नेल. त्यातली दोनतीन तर माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली असतील. आई प्रत्येक वेळी पहिल्या कडव्याला माझ्याबरोबर यायची आणि दुसरं सुरू झालं की हात वर. तिला चांगलं कडवं नको आहे. तिला तिचं हवं आहे, आणि ते मी कधी ऐकून घेतलंच नाही.

मी चर्चमधल्या म्हाताऱ्या बायांकडे गेलो. तेव्हाच्या तीनच उरल्यात. तू ते गाणं एकदाच चारचौघांत म्हटलं होतंस, कुणाला तरी आठवेल अशी आशा होती. एक म्हणाली, "कुठलं गाणं, रे बाबा?" दुसरीनं मलाच टोबायस समजून गालावरून हात फिरवला. तिसरीला सगळं आठवत होतं, तू कुठे उभी होतीस, आईनं कुठली टोपी घातली होती, पाळकांचा चेहरा कसा पडला. शब्द सोडून सगळं.

आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही. देवाची सोडून जगाची गाणी गायलीस म्हणून चर्चनं तुला खाली बसवलं. गायनमंडळाचा झगा काढून घेतला, तीन महिने पहिल्या बाकावर गप्प बसायचं आणि शेवटी उभं राहून सगळ्यांसमोर माफी मागायची. मला त्यांनी हात लावला नाही, मी त्यांच्या हाताबाहेर गेलो होतो. मी तुला शब्द दिला होता की त्या रविवारी तुझ्या शेजारी उभा राहीन. नंतर निरोप धाडला की लिटल रॉकला कार्यक्रम आहे. कार्यक्रम संध्याकाळी होता, व्हर्नेल. सकाळी मी मेम्फिसमध्येच होतो. चर्चच्या बाजूच्या रस्त्यावर, नव्या गाडीत, चॉकलेटी सूट घालून बसलो होतो. गाडीची काच खाली होती, चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. पाळक म्हणाले, "मुली, मंडळीला काय सांगायचं ते सांग." आणि तू माफी मागायच्या ऐवजी आईचं गाणं सुरू केलंस. प्रभूसकट. पहिलं कडवं पुरं झालं आणि मला वाटलं, आता ही माझं नाव घेईल, आता सगळी मंडळी वळून बाहेर बघेल. मी काच वर केली आणि गाडी सुरू केली. तू दुसरं कडवं उचललंस तेव्हा मी कोपऱ्यावर वळत होतो. ते अख्खं गाणं जगात एकदाच उघड्यावर गायलं गेलं आणि मी इंजिनाच्या आवाजात ते बुडवलं. तू पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची बस धरलीस आणि पुन्हा कधी गायली नाहीस असं ऐकतो. त्याची माफी मी पत्रात मागणार नाही. पत्रात मागितलेली माफी ही आणखी एक वर केलेली काच झाली.

काल आई "पुढे" म्हणाली नाही. पहिल्या कडव्याला ओठ हलले आणि मग ती खिडकीकडे बघत राहिली, जसं काही माझ्याकडून तिनं आशा सोडली. हेझल म्हणते, आठवडा, फार तर दहा दिवस. पत्राला तुझ्यापर्यंत यायला चार लागतील. म्हणून हे लिहिलं. तू माझ्याशी बोलू नकोस, माझं नावही घेऊ नकोस. नंबर जुनाच आहे. आमच्या सकाळच्या दहानंतर फोन कर, हेझल उचलेल, आईच्या डाव्या कानाशी धरेल, तिला तसं सांगून ठेवलंय. गाता येत नसेल तर नुसतं बोल. देव चुलीपाशी बसल्यावर आपल्या आईनं त्याला काय सांगितलं, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तिला ते जायच्या आधी एकदा ऐकायचं आहे. मी ऐकणार नाही. मला ते कडवं नको, मी त्याचं काय करतो हे तू पाहिलंयस. उद्यापासून रोज दहाला मी अंगणाच्या टोकाला फाटकापाशी जाऊन उभा राहणार आहे आणि हेझल बोलवेपर्यंत घरात येणार नाही.

तुला नको असला तरी तुझाच,
होझिया