ऐरावताची कांडी

प्रिय पैलवाना,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. माझ्या गोठ्याच्या दाराशी गेली दोन वर्षं दोन गमबूट उभे आहेत आणि दोन्ही डावे आहेत. एक माझा, एक तुझा. माझा उजवा तू घालून गेलास. म्हणजे तुझ्याकडे दोन उजवे असणार. इतक्या दिवसांत तुझ्या पायांना यात काही वावगं कसं वाटलं नाही, यावर मी यथामती चिंतन केलं. कुणाचं काय चुकीच्या जागी गेलंय याची तुला सवयच नाही, एवढाच निष्कर्ष निघाला. तुझी बायको माझी सख्खी धाकटी बहीण नसती, तर मी तो बूट वकिलामार्फत मागितला असता.

बुटांची अदलाबदल कोणत्या दिवशी झाली, ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. माझी तांबडी कालवड त्या दिवशी पहिल्यांदा विणार होती. अंगानं लहान, कंबरेत अरुंद. तिला गाभण करण्याआधी मी आठवडाभर वळूंची यादी चाळली होती. पैदास केंद्रातला कारकून असल्याचा तेवढाच फायदा. यादी हातात आली की तुम्ही सगळे दुधाचा रकाना बघता. मी शेवटचा रकाना बघतो: या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी भरलेल्या शंभर कालवडींपैकी पहिल्या वेताला किती अडल्या. एका ठेंगण्या वळूपुढे आकडा होता दोन. त्याला मी बटू म्हणायचो. दुसऱ्या एका धिप्पाडापुढे होता सतरा. तो ऐरावत. तांबडीसाठी बटू, असं मी वहीत लिहिलं आणि दोन दिवस परगावी गेलो. त्या वेळी केंद्रात कांड्या भरायला तू होतास.

परत आलो तर चार माणसांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, शास्त्रीबुवा, तुमच्या बटूला रजा दिली, ऐरावत भरलाय, तुम्हाला काय उंदीर जन्माला घालायचाय? सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही; तुझा नंबर तर फार मागे आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच सांगवतं. नऊ महिन्यांनी वासराचे पुढचे दोन खूर आले आणि डोकं आत अडलं. डॉक्टर दुसरीकडे गुंतलेले. धाकटीनं बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात आत घालून तीन तास गुडघ्यांवर बसली. तू दोर ओढत होतास, मी तांबडीचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वासरू मेलेलं आलं. दुपारी तांबडीनंही मान टाकली. धाकटी हौदाशी हात धूत रडत होती. तू दाराशी वाकलास, हाताला लागले ते बूट चढवलेस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या लोकांना सांगितलंस, कालवडच नाजूक होती, पुस्तकं वाचून गाई वीत नसतात. मी रांगेत पाचवा उभा होतो. तुझा आवाज तसा बाराव्यापर्यंत पोचतो.

यानंतर तू केंद्राचं काम सोडलंस आणि स्वतःच्या गोठ्यात रमलास. मला वाटलं, संपलं. पण नऊ महिन्यांपूर्वी तुझी चिठ्ठी आली. तुझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात: चांदणीला बटू द्या. चांदणी म्हणजे धाकटीनं बाटलीनं वाढवलेली, तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत येणारी कालवड. तिच्यासाठी तुला बटू हवा होता! पैलवाना, त्या तीन शब्दांत तुझी सगळी कबुली होती. म्हणजे तुला कळलं होतं. तुझ्या कालवडीपुरतं कळलं होतं. मला मात्र तू कधी एक शब्द बोलला नाहीस. ती चिठ्ठी मी चष्म्याच्या घरात जपून ठेवली होती.

सूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाठ्याकाठ्या येतात. माझा सूड खाली बसून रवंथ करत होता. मी कॅलेंडरावर दिवस मोजत होतो. तुझ्या पाठीवर थाप मारून, चार माणसांत, एकच वाक्य म्हणायचं होतं: कालवडच नाजूक होती. त्या थापेचा मी आरशासमोर सराव केला. तुझी पाठ माझ्या मानानं उंचावर आहे, त्यामुळे काही काळ स्टूल नेण्याचाही विचार केला. इतक्या आनंदात मी कित्येक वर्षांत नव्हतो.

काल, रविवारी, धाकटी आली. माझ्या शर्टाचं बटण लावता लावता सांगत होती की चांदणीची कास भरली आहे, दहा-बारा दिवसांवर आली. तू गुरुवारी जनावरांच्या प्रदर्शनाला निघतोस, पुढचे पंधरा दिवस नाहीस. डॉक्टरांना सांगून ठेवू का, असं तिनं विचारलं तर तू म्हणालास म्हणे, बटूचं वासरू आहे, मांजरीसारखी विईल, तुझी तू बघशील. आणि दादा, ती मला म्हणाली, या वेळी तरी माझ्या हातून नीट होईल बघ.

तेव्हा आता ऐक. चांदणीच्या पोटात बटूचं वासरू नाही. तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी मी चिमटा बटूच्या कांड्यांवरून पुढे नेला आणि ऐरावताची कांडी उचलली. कांडी घरी नेऊन स्वतः भरायला तू चिठ्ठीसोबत पाठवलेल्या छोट्या थंड टाकीत ठेवली. वहीत बटू लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं. कांडीवरचा क्रमांक मुंगीएवढा असतो आणि चष्मा लावायची पैलवानाला लाज वाटते, हे मला ठाऊक होतं. प्रदर्शन रद्द कर. डॉक्टरांना आजच गाठ, सतराचा आकडा सांग, पोट फाडून वासरू काढायची तयारी ठेवायला सांग. धाकटीला एकटीला गोठ्यात जाऊ देऊ नकोस. हे पत्र दूधगाडीवाल्याच्या हाती देतोय, कारण फोनवर तुझ्या आवाजापुढे माझा टिकत नाही.

याला क्षमायाचना समजू नकोस. मी केंद्राच्या प्रमुखांना लेखी कळवलं आहे: एका परिच्छेदात मी चांदणीचं काय केलं, आणि त्याच्या वरच्या परिच्छेदात तू तांबडीचं काय केलंस. सोबत तुझी चिठ्ठी जोडली आहे. माझी नोकरी जाईल. तुझी थोरवी जाईल. सौदा मला परवडतो. मी बुधवारी येतोय आणि वासरू होईपर्यंत तुझ्याच गोठ्यात राहणार आहे. माझा उजवा बूट दाराशी काढून ठेव.

बाकी तुझं मला काही वाटत नाही, खरंच. वाटतं ते वेगळंच. नऊ महिन्यांत चांदणीचा विचार मी रोज केला आणि रविवारपर्यंत मला एकदाही वाईट वाटलं नाही. धाकटी बटण लावायला बसली नसती, तर हे पत्र मी लिहिलं असतं का, ते मला माहीत नाही. त्याची भीती वाटते.

तुझाच, दोन डाव्या बुटांचा धनी,
शास्त्री