परड्यात फरशी घालायची नाही

मी, जयाबाई तम्मण्णा लोकरे, राहणार वडगाव, बेळगाव, शाळा तिसरीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. डोकं ठिकाणावर आहे. रागात आहे ते वेगळं. वरची ओळ उपेंद्र वकिलांनी घालून दिली, पुढचं माझं.

१. पुढच्या दोन खोल्या आणि मागाची खोली मुलगा शिवराज याला. माग त्याच्या वडिलांनी घेतलेला आहे. भंगारात घालायचा झाला तर आधी त्यांच्या फोटोला सांगून घालावा.

२. बोरमाळ मुलगी मंजुश्रीला. पाटल्या सूनबाईला. तिनं माझ्या शेवंतीच्या मुळात कढत पाणी ओतलं होतं, तरी पाटल्या तिलाच. मनात ठेवलेलं नाही, नुसतं लिहून ठेवते.

३. इथं नीट वाचावं. घरामागचं परडं, त्यातलं लिंबू, जास्वंद, पावट्याचा वेल आणि पाचोळ्याचा ढीग यांसह, शिवराजची मुलगी स्वरूपा हिला. वकील म्हणाले, "आज्जी, घराचं पुढं एकाला आन् मागं एकाला, कसं करायचं?" म्हटलं, "मापून करायचं. साडी मापून देतोय न्हवं आम्ही?"

कारण असं की शिवराजला तिथं फरशी घालून गाडी लावायची आहे. म्हणतो, थंडीत तिथं असतंय काय? काय असतंय! दिवाळी सरली की तर माझं परडं भरतं. मी उन्हाला पाठ देऊन बसते. पावटा फुलतो, त्यावर माश्या घोंगावतात. शेपटी हलवत धोबी पक्षी येतो, कुठल्या मुलखातून येतो देव जाणे, पण उतरतो माझ्या भांडी घासायच्या दगडापाशीच. बेडूक पाचोळ्यात शिरून बसतो तो पाऊस लागल्यावर बाहेर. घरात माझ्यापाशी इतका वेळ कोण बसतंय?

आणि गेल्या पौषात ह्या शिवराजनं काय केलं! आमच्याकडं मागाचे तुटके धागे सगळीकडं, केसात, ताटात, झाडावर. लिंबाला धाग्यांचं एक गाठोडं लोंबत होतं. पाव्हणे येणार म्हणून ह्यानं कचरा समजून ते ओढून काढलं. ते फुलचुखीचं, त्या एवढ्याशा पाखराचं, घरटं होतं. आमच्याच जांभळ्या धाग्यांनी केलेलं. आत पिल्लं होती, ती राहिली नाहीत. आई बिचारी कितीतरी दिवस त्या रिकाम्या फांदीवर येऊन ओरडायची.

"मला काय म्हाईत आई? कचऱ्यासारखंच दिसतंय की!"

"विणकराचा पोरगा न्हवं तू? विणलेलं कुठलं आन् तुटलेलं कुठलं, कळंना व्हय रं तुला?"

यावर त्यानं काय करावं? माफी नाही, फरशीवाल्याला घेऊन आला. परडंच नको, म्हणजे चूकही नको!

४. स्वरूपावर अटी. फरशी घालू नये. पाचोळा जाळू नये. लिंबाची पानं अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्यावीत, त्यांचीच फुलपाखरं होतात. पोरगी हुबळीला शिकते, ती येईपर्यंत पाणी शिवराजनं घालावं. होय, त्यानंच.

५. हे शेवटचं, वकिलांना न विचारता. गेल्या आठवड्यात फुलचुखी परत आली. ह्या खेपेला कपडे वाळत घालायच्या तारेला घरटं टांगलंय. धागा जांभळाच. शिवराजनं बघितलं. आज बघते तर त्याच्या विजारी पुढं रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत पडल्यात. अख्ख्या गल्लीनं बघितल्या. बघू देत.

तरी कलम तीन बदलणार नाही.

मी ह्याच थंडीत गेले तर पिल्लं उडेपर्यंत परड्यात मांडव घालू नये. माझ्या बाराव्याच्या पंगती रस्त्यावर बसवाव्यात. मला चालतंय.

साक्षीदार: यल्लव्वा, शेजारीण (अंगठा). मष्णू, आमच्या मागावरचा (सही).

वाचून बघितलं, बरोबर आहे.
जयाबाई तम्मण्णा लोकरे
वडगाव, बेळगाव. १२ डिसेंबर २०२४, परड्यात उन्हाला बसून.