जस्ताची बादली

प्रिय तिलेक,

तुझी, माझी आणि गळक्या छताच्या प्रयोगशाळांत डोळे फोडणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे: आपल्याला कुणी जमेस धरत नाही. कणांचा फोटो काढायचा तर पूड डबीत भरून परदेशी पाठवा, महिना-महिना वाट बघा आणि वर उपकार माना. या तक्रारीवर मी बिश्केकच्या चौकात भाषणं केली, मंत्र्याला तोंडावर सुनावलं, आणि तू पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्यास. आज मला त्या तक्रारीचीच शिसारी येते. तिच्या आडोशाला बसून आपण दोघांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला भर सभेत सोलून काढला असता.

आठवतंय ना, तुझ्या आईची, आपाची, धुरावलेली चामडी पिशवी तू पाठीवर मारून आणली होतीस. घोडीचं दूध आंबवून कुमिस करणारे जंतू चाळीस वर्षं त्या कातड्यात मुरलेले. सगळा मजला त्या वासाने भरला आणि डीन नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बुरमाकान, ही प्रयोगशाळा आहे की घोड्याचा तबेला?" आपण हसलो. त्यातला एक जंतू वेगळा केला, वाढवला, त्याच्या बाटलीत जस्ताचा क्षार घातला आणि जस्त-ऑक्साइडचे सूक्ष्म कण खाली बसण्याची वाट बघू लागलो. भट्टी नको, विषारी रसायन नको, सारं जंतूच घडवणार. 'हरित' हा शब्द तेव्हा आपल्या तोंडात खडीसाखरेसारखा फिरायचा. अकरा दिवस बाटलीत काही घडलं नाही. बाराव्या दिवशी तू म्हणालास, "एजे, फार आंबट झालंय, जरा दुरुस्त करतो," आणि अल्कलीचे थेंब सोडलेस. पांढरा गाळ भराभर खाली बसला. एजे म्हणजे थोरली बहीण; तिला मारावी तशीच मिठी तू मला मारलीस. शेजारी तुलनेसाठी ठेवलेली दुसरी बाटली होती. तिच्यात जंतू नव्हताच. तिच्यातही तू तेवढेच थेंब सोडले होतेस, आणि तीही तितकीच पांढरी झाली होती. म्हणजे कण जंतूने घडवले नव्हते, अल्कलीने घडवले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी ती बाटली उचलली आणि सिंकमध्ये ओतली. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

जंतू असे कण घडवत नाहीत असं मी म्हणत नाही. घडवतात. कुणाच्या बुरशीने, कुणाच्या मातीतल्या जंतूने हे काम चोख केलेलं आहे. त्यांची प्रथिनं कणांना पांघरूण घालतात, गुठळ्या होऊ देत नाहीत. अशा पुडीने जखमा भरतील, रंगाऱ्यांचं घाण पाणी साफ होईल, यावर माझा आजही विश्वास आहे. म्हणूनच त्या बाटलीवर आपण छापून आणलेल्या निबंधाची मला जास्त किळस येते. तो खोटा आहेच, शिवाय तो खऱ्यांच्या पंगतीत जाऊन जेवतो आहे.

आणि सत्य आपल्याला सांगितलं गेलं होतं. तुझ्या सत्काराला आपाला डोंगरावरून आणलं, पांढरा रुमाल बांधून व्यासपीठावर बसवलं. तिला काय चाललंय ते विचारलं तर ती म्हणाली, "मला काय कळतंय बाबा. पण कुमिस मी जस्ताच्या बादलीत कधी ओतत नाही. ते बादली खातं, आणि पिणारा ओकतो. माझ्या घरात जस्त खाणारे हे जंतू तुमच्या इथे येऊन जस्त घडवायला लागले? शहराचं पाणीच वेगळं." सभागृह पोट धरून हसलं. तूही हसलास. मी हसले नाही, कारण मला कळलं होतं. आंबट जस्ताला विरघळवतं, खाली बसू देत नाही. आपल्या सगळ्या निबंधाला एका गुराखी बाईने दोन वाक्यांत मूठमाती दिली होती. मी उभी राहिले असते तर तिथेच संपलं असतं. चौकात माईकशिवाय हजार माणसांना ऐकू जाणारी मी त्या दिवशी बशीतल्या तळलेल्या बोरसोकशी खेळत बसले.

मग तू कंपनी काढलीस. घोडीच्या आचळाला लावायची पूड विकलीस तोवर मी स्वतःला समजावलं, की जस्त ते जस्त, जखम तरी सुकते. पण आता तीच पूड बाटलीबंद कुमिसमध्ये घालतोस, नासू नये म्हणून. वर आपाचं चित्र आणि खाली 'आईच्या जंतूंनी घडवलेलं हरित जस्त'. मी बाजारातून साधं कुमिस आणलं, वाडग्यात ओतून तू घालतोस तेवढीच पूड त्यात घातली. सकाळी तळाशी पांढरा थर होता, दुपारी काही नव्हतं, सगळा विरघळला होता. मी ते प्यायले. तोंडात खिळे चघळल्यासारखी चव आली आणि तासाभरात पोटातलं सगळं बाहेर. माझी प्रकृती धडधाकट आहे. क्षयाच्या रुग्णालयात ज्यांना कुमिस औषध म्हणून पाजतात, त्यांची नाही; आणि येत्या सोमवारी तुझे दोन ट्रक तिकडेच निघणार आहेत.

यासाठी हे पत्र लिहिलं असं तुला वाटेल. निबंध छापणाऱ्या मासिकाला आणि रुग्णालयाला मी कालच कळवलं, माझी ओतलेली बाटली धरून सगळं. तुला लिहिण्याचं कारण वेगळं आहे. जुलैत मी वर कुरणावर गेले होते. आपाचे गुडघे गेले, घोड्या दिरांकडे दिल्या, हे तुला माहीत आहे. तू दर आठवड्याला खोकं पाठवतोस. पाहुण्यांसमोर तिने बाटली फोडली, "माझ्या लेकाचं आहे," म्हणून दोन वाडगे प्यायली, आणि थोड्या वेळाने मला ती तंबूमागे दगडाला धरून ओकताना दिसली. ती रोज पिते, तिलेक. वाळून अर्धी उरली आहे. मी हात धरला तर म्हणाली, "बादलीची चव आहे, मास्तरीणबाई, मला पहिल्याच घोटाला कळलं. पण त्याला सांगू नका. पोराने एवढ्या हौसेने माझं चित्र लावलंय." मी मान डोलावली. आता मी तो दिलेला शब्द मोडते आहे. एकदा गप्प बसून पाहिलं आहे मी. पत्र खाली ठेव, गाडी काढ, आजच वर जा, आणि तिच्या हातातला तो वाडगा तुझ्या हाताने काढून घे. ट्रक थांबवायचे की नाही, ते मग तुला कुणी सांगावं लागणार नाही.

तुझीच,
बुरमाकान एजे