कुंदाच्या खुर्चीचा चौथा पाय

उमरखेड,
मंगळवार दुपार

ती. दादासाहेबांना वामनचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा).

आपली साखर आटोक्यात असेल, वहिनींचा खोकला गेला असेल आणि आपली धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, भिंतीला धरून का होईना घरभर फिरत असेल, अशी आशा करतो. माझं इकडे बरं चाललं आहे. शेजारच्या इंदूबाई रोज एक वाटी भाजी पाठवतात, त्यामुळे पोटाचे हाल नाहीत. (भाजी बहुतेक वांग्याची असते. ही तक्रार नव्हे, माहिती आहे.)

हातात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. रविवारी मी 'कमोड' एवढा एकच शब्द उच्चारला, तर पलीकडून वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, आम्ही जेवतोय.' आणि त्यांच्या मागून कुंदाचा आवाज आला, 'त्यांना म्हणावं, मी घरात नको असेन तर सरळ सांगा, राहते मी इथंच.' मग फोन बंद झाला. दादासाहेब, हे वाक्य मला फार लागलं. तेव्हापासून मनात तुमच्यासमोर उभा राहून जबानी देतो आहे, ती आता कागदावर उतरवतो.

आपलं काय ठरलं होतं ते आठवा. अंगणात पाय घसरून कुंदाच्या मांडीचं हाड मोडलं, तुमच्याच ओळखीनं यवतमाळला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले की आता उकिडवं बसणं कायमचं बंद. आमच्याकडे जुन्या पद्धतीचा संडास, तुमच्याकडे नवा, म्हणून दवाखान्यातून ती तुमच्याकडे आली. मी उमरखेडला परतून ती एक खुर्ची मिळते, मधोमध भोक आणि खाली डबा असलेली, ती आणायची आणि लगेच कुंदाला न्यायला यायचं. त्यानंतर दिवाळी होऊन गेली, शेतांत कापसाची वेचणी लागली, आणि मी अजून आलो नाही. तुमच्या बाजूनं पाहिलं तर हे फार वाईट दिसतं, ते मलाही कळतं.

आधी इथल्या औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, नांदेडहून मागवावी लागेल. मी रोज जाऊन चौकशी करत होतो आणि तो रोज मला खोकल्याच्या गोळ्या देत होता. शेवटी तुमच्या अनिमेषचा पुण्याहून फोन आला. (मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे आधीच लिहून ठेवतो.) तो म्हणाला, 'काका, मेंबरशिप घ्या. आज मागवलं की उद्या दारात.' त्यानं तिथूनच माझ्या फोनवर काय ती खटपट केली आणि मी मेंबर झालो. पहिला महिना फुकट होता. मेंबराला सिनेमे फुकट, गाणी फुकट, शिवाय माल दुसऱ्या दिवशी. मला सिनेमे नको होते, एक खुर्ची हवी होती. सिनेमे लगेच आले.

खुर्ची निवडणं काही सोपं नाही. पडद्यावर शंभर खुर्च्या, आणि प्रत्येकीवर एक आजोबा किंवा आजी इतकी प्रसन्न हसत बसलेली, की ती खुर्ची नेमकी कशासाठी आहे हे पाहणाऱ्याला कळू नये. खाली लोकांचे अभिप्राय. एका गृहस्थानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून उघडली नाही, पण पॅकिंग उत्तम आहे.' मी सगळं वाचून, चष्मा पुसून, एक स्वस्तातली निवडली. दुसऱ्या दिवसाचा वायदा होता. तो उद्या चांगला आठवडाभर उद्याच राहिला. माल नागपुरात उतरल्याचा निरोप आला, मग अमरावतीला गेल्याचा, मग परत नागपुरात. (आपल्या ऑपरेशनच्या कागदांनाही इतकी फिरायची हौस नव्हती.) अखेर मोटारसायकलवर गाठोडं बांधून शंकरसिंग आला. हा महागावच्या बाजूच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, या भागातली सगळी पार्सलं हाच वाटतो. खोकं त्यानं एका हातात उचललं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उघडलं तर आत नुसता पांढरा डबा, झाकणासकट. शंकरसिंगनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, 'काका, हे तं खाली डब्बाच दिसून राह्यला. खुर्ची कुठं गेली?' नंतर कळलं की चित्र सबंध खुर्चीचं असलं, तरी त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की विक्री फक्त डब्याची आहे. इंदूबाईंनी कुंपणावरून विचारलं, 'नाझरसाहेब, दळण ठेवायले आणला का?' मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

डबा परत गेला आणि मी दुसऱ्या दुकानदाराकडून, महागातली, चित्र आणि अक्षरं दोन्ही तपासून, सबंध खुर्ची मागवली. ती आली. भलं मोठं जड खोकं. मी आनंदानं शंकरसिंगला चहा पाजला, सही केली, तो गेला. मग खोकं उघडून सगळे भाग अंगणात मांडले: पाठ, हात, बैठक, डबा आणि पाय. पाय तीन. दादासाहेब, मी जन्मभर कोर्टात नाझर म्हणून जप्तीचा माल मोजून घेतला. ताटवाट्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत एक नग कधी इकडचा तिकडे झाला नाही. आणि स्वतःच्या बायकोच्या खुर्चीचे पाय न मोजता सही करून बसलो. खोक्याचा तळ पाहिला, थर्माकोल चुरडून पाहिला, इंदूबाईंनी झाडूनं अंगण झाडून दिलं. चौथा पाय नव्हताच.

मग कंपनीला फोन. आधी बराच वेळ एक यंत्र माझ्याशी बोललं, मग गाणं लागलं, मग एक मुलगी आली. स्वभावानं फार गोड होती. म्हणाली, 'सर, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. जो पार्ट मिसिंग आहे त्याचा फोटो पाठवा.' मी म्हटलं, 'बाई, जो पाय आलाच नाही त्याचा फोटो कुठून काढू?' ती म्हणाली, 'सर, मी तुमची भावना समजू शकते, पण फोटोशिवाय तक्रार पुढे जात नाही.' मी तीन पायांवर खुर्ची भिंतीला टेकवली आणि चौथा जिथं असायला हवा होता त्या रिकाम्या जागेचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, फोटोत वस्तू स्पष्ट दिसत नाही. दुसरा फोटो उन्हात काढला. त्यावर 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?' असा निरोप आला. पुन्हा फोन, पुन्हा यंत्र, पुन्हा गाणं (ते आता मला पाठ आहे). शेवटी एक साहेब म्हणाले की पाय सुटा मिळत नाही, खुर्ची परत करा, पैसे परत येतील, मग नवीन मागवा. मी लगेच नवीन मागवायला गेलो, तर ती खुर्ची आता 'सध्या उपलब्ध नाही'. त्याऐवजी मला लहान मुलांचा घोडा दाखवण्यात आला. त्याला पाय चार होते.

या भानगडीत फुकटचा महिना संपून पुढच्याचे पैसे बँकेतून कापले गेले. मेंबरशिप बंद करायला गेलो तर पडद्यावर एक रडवेला चेहरा आला, मग 'खरंच जाणार?', मग 'तुम्ही काय काय गमावाल ते पाहा', आणि शेवटी जे मोठं पिवळं बटण होतं ते मी दाबलं. ते पुढं चालू ठेवण्याचं होतं. आता मी वर्षभराचा मेंबर आहे.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी खचलो. घरात कुंदा नाही हे मला कशानं जाणवतं माहीत आहे? सकाळी मी पेपरातल्या निधनाच्या बातम्या मोठ्यानं वाचतो आणि ती स्वयंपाकघरातून नातं लावते: 'म्हणजे बोरी अरबच्या त्या मास्तरणीचे दीर. उंच होते. लग्नात रुसले होते.' आता मी वाचतो आणि कुणी काही बोलत नाही. माणसं बिनओळखीचीच जातात. हे बरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची रिक्षात घातली आणि बसस्टँडच्या रस्त्यावर संजय वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. त्यानं खुर्ची उलटी करून पाहिली. 'बसणार कोन?' 'तुझी काकू.' 'वजन किती?' मी म्हटलं, 'बाबा, हे मी सांगितलेलं तिला कळलं तर माझं काही खरं नाही.' 'बरं,' तो म्हणाला, 'मंग ट्रॉलीच्या हिशोबानं लावतो.' त्यानं लोखंडी पाइप मापानं कापला, नटबोल्टनं कसला, खाली रबर बसवलं आणि ट्रॉलीचाच लाल रंग मारला. तीन पाय पांढरे, चौथा लालभडक. मग म्हणाला, 'बसून पाहा.' समोर चहाची टपरी, टपरीवर गर्दी, आणि सगळ्यांना ती खुर्ची कशाची आहे हे दिसत होतं. तरी मी बसलो. हातांवर जोर देऊन उठलो, पुन्हा बसलो, डावीकडे उजवीकडे झुकलो. खुर्ची तसूभर हलली नाही. टपरीवरून कुणी तरी विचारलं, 'साहेब, काकू कवा येऊन राह्यल्या?' कुणी हसलं नाही. मला एकदम भरून आलं, म्हणून मी चष्मा पुसत बसलो, तिथंच.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण परवा शंकरसिंग दारात. कंपनीनं खुर्ची परत न्यायला पाठवला होता. परत द्यायची नाही असं मी त्यांना कळवलं होतं, पण ते यंत्रापाशीच अडकलं असावं. शंकरसिंगनं लाल पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

'काका, हे आता नेऊन का करतील? तिकडं फेकून देतील.'

'मग रे?'

'असं करू. गिऱ्हाइक घरी नाही, असं लिहून टाकतो. मंग परतीची ऑर्डर आपोआप कॅन्सल होते. पैसे मातर तुमचे वापस येनार नाहीत.'

'पैसे नकोत. खुर्ची हवी.'

'मंग? तुम्ही घरी नाही ना?'

'अरे, मी तुझ्यासमोर बसलो आहे.'

'तेच इचारतो, काका. तुम्ही घरी नाही ना?'

माझ्या लक्षात आलं, पण पचेना. माणूस समोर हजर असताना गैरहजर लावलेला मी कोर्टात कधी पाहिला नाही. मी उठलो, चपला घातल्या, फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, 'आता लिही.' त्यानं लिहिलं. जाताना तो म्हणाला, 'माही माय लालीबाई, तिचेही गुडघे गेले. तिलेही अशीच पायजे. त्या वेल्डिंगवाल्याचा पत्ता द्या.' मी दिला.

तर दादासाहेब, ही माझी बाजू. मी आलो नाही, कारण रिकाम्या हातानं यायची हिंमत नव्हती. आता खुर्ची जागेवर आहे, भिंतीला धरायला दांडी ठोकून घेतली आहे, आणि अंगणातली शेवाळलेली फरशी खरवडून काढली आहे. कुंदाला हे वाचून दाखवा किंवा नका दाखवू, तुम्हाला योग्य वाटेल तसं. वहिनींना नमस्कार, अनिमेषला आशीर्वाद.

आपला,
वामन

ता. क. खरं म्हणजे पत्राचं कारण वेगळंच आहे. कुंदाला परत यायचं आहे का, हे मला विचारवत नाही. तुमच्याकडे गरम पाण्याचा नळ आहे, बोलायला वहिनी आहेत, आणि इथं मी आहे. तुम्ही थोरले भाऊ. जरा सहज म्हणून तिला विचारून पाहाल का? मी सांगितलं असं म्हणू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात शंकरसिंग पुन्हा आला. मोठं खोकं, पत्ता माझाच, पण नाव कुंदाचं. मी म्हटलं, चूक झाली असेल. तो म्हणाला, चूक नाही, पैसेही भरलेले आहेत. उघडलं तर खुर्ची. अख्खी. मी तिला फोन लावला (स्पीकर बंद कर, असं आधी सांगितलं). खोकं आल्याचं सांगितलं. ती म्हणाली, 'तुमची वाट पाहून कंटाळले. अनिमेषला सांगून मीच मागवली. आता मला न्यायला येताय, की तुम्हालाही ऑनलाइनच मागवू?'

ता. क. तिसरा. नवी खुर्ची शंकरसिंगच्या आईकडे तांड्यावर रवाना केली. मोटारसायकलवर ती उलटी बांधली होती. संजयच्या लाल पायाला सोडायला माझं मन होईना. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतो आहे, त्यामुळे हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशात घालून आणतो. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्यासमोरच्या सोफ्यावर बसलेला असेन. वाचून झालं की कृपा करून माझ्याकडे पाहू नका. नुसतं 'चहा घेणार का?' एवढं विचारा.