रोजची चार पानं

३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काठी घेऊन आता मी फाटकापर्यंत जाते. अंगण मात्र बघवत नाही. मी खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडले होते, तेवढ्यात माझ्या चिरंजिवांनी दारचा बदाम मुळासकट काढवला. का, तर त्याच्या ओल्या पानांवरून आई घसरली! मला विचारलंसुद्धा नाही. आता म्हणतो, घरही विकू, तू आमच्याकडे ये. सहाव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. पिस्ता रंग! माझ्या वॉर्डाच्या भिंतींना होता तोच.

मी जाणार नाही. तू इतकी वर्षं रोपवाटिका चालवतोस, तर मला बारा महिने हिरवी राहणारी दोन झाडं सुचव. एक फाटकाजवळ, एक स्वयंपाकघरामागे. बदामासारखं पंधरा दिवसांत सगळी पानं खाली ओतणारं नको. उत्तर मोठ्या अक्षरात लिही, चष्मा तुझाही जाड झालाय म्हणे.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग, नाही आली तरी सांग.
तुझी अक्का

१२ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चालायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. झाडांविषयी काही मुद्दे. एक, सदाहरित झाडांची पानं गळत नाहीत हा गैरसमज आहे. ती वर्षभर रोज थोडी थोडी गळतात, म्हणजे रोज झाडणं आलं. दोन, बकुळ काय नि चिकू काय, वाढ सावकाश. तीन, दाट सावलीत ओल राहते. तेव्हा तूर्तास अंगणात फरशी घालावी. देखभाल शून्य. भाच्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, पण आज जरा हात आखडता घेऊन.

अरे लबाडा! ‘तूर्तास’, ‘तथ्य’, ‘देखभाल शून्य’! आपल्या घराण्यात असं कोण बोलतं रे? हे माझ्या इंजिनिअर चिरंजिवांचं टिपण. त्यानं सांगितलं आणि तू उतरवलंस. लहानपणी माझ्या वहीतून गणितं उतरवायचास, तेव्हाही असाच पकडला जायचास.

पण पानांचं खरं सांगितलंस ते बरं केलंस. रोज चार पानं पडतात ना? मग मला तीच हवीत. बदामाचा ढीग मला आवरला नाही, म्हणून मी पडले. चार पानं मी काठी टेकत लांब दांड्याच्या झाडूनं गोळा करीन. चाळीस वर्षं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळलाय. रोजचं रोज केलं की काम अंगावर येत नाही, हे मला कुणी शिकवू नये. फरशी घाल म्हणे! तिच्यावर मी काय मोटार होऊन उभी राहू?

खरं सांगू? भीती मलाही वाटते. पडायची नाही. त्या खोलीत सगळे मला लाडानं बसवून ठेवतील, चहासुद्धा करू देणार नाहीत, त्याची वाटते. रोपं पाठव. नाहीतर दुसरीकडून आणीन आणि भावाकडची रोपं जगत नाहीत असं गावभर सांगेन.

रोपं पोचली की लोभ पूर्ववत.
तुझी अक्का

२७ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कान पकडतो. भाच्याचा फोन आला होता. बोलता बोलता रडला गं, मग मी विरघळलो. अंगणातून तुला उचललं ते त्यानंच. तेव्हापासून त्याला धड झोप नाही. त्याच्या मनात खोट नाही एवढंच सांगतो.

उद्याच्या टेम्पोनं बकुळ आणि कलमी चिकू पाठवतोय, दोन्ही रोपं कमरेएवढी. भिंतीपासून लांब लाव आणि येण्याजाण्याची वाट मोकळी ठेव. पुढं सुरूचं झाड मागशील तर देणार नाही. त्याच्या सुया बदामाच्या पानांपेक्षा घसरड्या.

आता तरी लोभ चालू कर.
तुझा धाकटा

६ जुलै

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही झाडं लागली. मामाला दोष देऊ नकोस, त्याला माझ्यापुढे कधीच टिकता आलं नाही. फाटकापासून दारापर्यंत लोखंडी कठडा बसवून घेतलाय. शेजारची शिंपीणबाई सकाळ-संध्याकाळ डोकावते.

काल तुझा दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. माती ओढायची राहिली होती, म्हणून दोघांनाही कामाला लावलं. गिऱ्हाईकानं हात धुता धुता विचारलं, घर रिकामं कधी होणार. मी म्हटलं, चिकू धरायला लागला की चिकू खायला या, घराचं नाव काढू नका. दलाल पुन्हा यायचा नाही.

अंगणातून मला तू उचललंस, ते मी विसरलेले नाही. तुझी काळजी खरी आहे रे. पण तुझी काळजी मिटावी म्हणून मी माझं घर सोडणार नाही. आणि न विचारता बदाम पाडलास त्याचा राग आहे, तो राहील. तोही माझाच आहे, त्याला झोपवायला बघू नकोस.

रविवारी ये. येताना बॅग आण, दोन दिवस राहा. पण तुझे कपडे भरून आण. रिकामी आणून माझे भरायला येऊ नकोस.

तुझी आई