तारेवरचा आकडा

७ एप्रिल, सोमवार

पसंत! पसंत! पसंत! आमगावकडचे पाहुणे होकार देऊन गेले. मुलाचे वडील, रूपलालजी रहांगडाले, बघतच राहिले माझ्याकडे — "पोरगी खरंच विजेच्या खांबावर चढते का जी?" आईने घाईघाईने चहा पुढे केला. मीच म्हटलं, "चढतो जी. लाइनवरची नोकरीच हाय." मुलाला, धनेंद्रला, पोह्यांचा ठसका लागला. हसू दाबताना! तेव्हाच ठरवलं, हा माणूस आपला. साखरपुडा वीस तारखेला!!

९ एप्रिल

साहेबांनी काम दिलं — सहावी ते आठवीच्या पोरांना वीज सुरक्षा समजावून सांगायची. आणि शाळा कुठली? धनेंद्रच्याच गावची! आरशासमोर हेल्मेट घालून तालीम केली. आई म्हणते, "कायले एवढी नटून राहिली, योगेश्वरी?" हेल्मेटात कोणी नटतं का! टिकली मात्र लावली.

११ एप्रिल, शुक्रवार

काय मजा आली! कूलरमध्ये पाणी भरण्याआधी काय करायचं? "बटन बंद, पिन बाहेर!" साठ पोरं एका दमात. ओल्या हाताने बटन दाबायचं? "नाहीऽऽ!" कोणी करंटला चिकटलं तर? त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद. तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर ढकलायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. हे तीनदा म्हणवून घेतलं.

मग विचारलं, तारेवर आकडा टाकला तर काय होतं? दोन वेण्यांची एक पोरगी टुणकन उठली. "कूलर चालू होते!"

सगळे हसले. मीही पोट धरून हसले. म्हटलं, कोणी शिकवलं गं?

"आमचा दादा रोज टाकते, बांबूनं. मी रीता! वहिनी, मले वळखलं नाही?"

धनेंद्रची बहीण. लगेच सगळा वर्ग "वहिनीऽ, वहिनीऽ!" लाजावं की रडावं, कळेना.

१२ एप्रिल

"आकडा दिसला तर आम्हाला सांगा" — मीच फळ्यावर लिहून आले. पोरीने सांगितलं. आता?

१३ एप्रिल

आई: "चूप राय. लगन झाल्यावर पायजो." तोवर त्या कूलरमध्ये पाणी कोण भरणार? रीताच ना!

धनेंद्रला फोन केला. "मीटर जळून पडलं हाय. नवीन घ्याले बाबा तयार नाहीत. गावात आमी एकलेच टाकतो का?" म्हटलं, उद्यापर्यंत तुम्ही काढा, नाहीतर परवा मी काढते. मला हा मुलगा हवा आहे. फार हवा आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

काढला. साहेबांना सांगून, लाइन बंद करून, शिडी लावून. तारेत करंट नव्हताच, तरी हातमोजे दोनदा तपासले! अख्खी गल्ली बघायला. रूपलालजी ओसरीवरून, "सून येऊन राहिली का लाइनवाली?" मी म्हटलं, "आज लाइनवालीच, जी." रीताने टाळ्या वाजवल्या. रूपलालजींनी तिला दंडाला धरून आत नेलं. धनेंद्र दिसला नाही.

१६ एप्रिल

निरोप आला. नाही म्हणतात. आई माझ्याशी बोलत नाही.

१७ एप्रिल

धनेंद्र ऑफिसात आला. एकटाच. नव्या मीटरचा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

अर्जदाराचं नाव: योगेश्वरी धनेंद्र रहांगडाले.

असा अर्ज मंजूर होत नाही. मी ठेवून घेतला.